आभाळ निवळलं की पाला पडणार : ग्वाल्हेरात घराची आणि बागेची तयारी

दाणाओळी (लष्कर, ग्वाल्हेर)

कालपासून रिपरिप पाऊस, दिवसभर धुकं, सूर्याचा पत्ता नाही. जो भेटेल तो "काय थंडी आहे!" म्हणतोय. पण बागेच्या दृष्टीने खरी थंडी अजून यायची आहे. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, हिवाळी पाऊस आणणारी हवेची प्रणाली) पुढे सरकला की आभाळ स्वच्छ होतं, राजस्थान-पंजाबाकडून कोरडं वायव्य वारं सुटतं, आणि ज्या रात्री ते वारंही पडतं त्या रात्री पाला पडतो (हिमतुषार, इथे सगळे पालाच म्हणतात). त्या दिवशी दुपारी छान ऊन असतं. माणसं गच्चीवर गजक खात बसतात, थंडी सरली असं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पपईची पानं उकडल्यासारखी लोंबत असतात. तयारीला हाताशी एखादी दुपारच मिळते, म्हणून हा धागा आजच काढतेय.

हवामान खात्याच्या हिशोबाने मैदानी भागात किमान तापमान 4 अंश किंवा त्याखाली गेलं की थंडीची लाट, 2 किंवा त्याखाली गेलं की तीव्र लाट. बागेसाठी मात्र हे आकडे जसेच्या तसे धरू नका. तो तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. उघड्यावरचं गवत, कुंडीतलं पान त्याहून बरेच थंड होतात. पेपरात 3 किंवा 4 छापून येतं तेव्हा तुमच्या वाफ्यातल्या पानावर शून्य असू शकतं. अंगणातल्या निंबाखालचं गवत सकाळी हिरवंच असतं आणि दोन पावलांवर उघड्यावरचं पांढरं झालेलं असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. हवा दोन्हीकडे तीच. फरक फक्त डोक्यावर आडोसा आहे की मोकळं आकाश, एवढाच.

संध्याकाळी बाहेर येऊन बघा. तारे लख्ख दिसताहेत, शेगडीचा धूर सरळ वर जातोय, आणि दिवस मावळल्या-मावळल्या पारा भराभर उतरतोय, तर त्या रात्री झाडं उघडी ठेवू नका.

माझी पद्धत सांगते. कुंड्यांना आणि वाफ्यांना दुपारी दोन-तीनच्या आत पाणी देते. ओली माती दिवसाचं ऊन कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री ते हळूहळू सोडते. चिखल करायचा नाही, पानं भिजवायची नाहीत. बोअरचं पाणी असेल तर उत्तम, ते गच्चीवरच्या टाकीतल्यापेक्षा कोमट असतं.

मग पांघरूण. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. तुळशीभोवती जुनी साडी गुंडाळायची आणि खोडाशी सुतळीने आवळून टाकायची, हे गल्लीत घरोघर दिसतं. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. झाडाला स्वतःची ऊब नसते. ऊब मातीत असते, ती वर येताना अडवायची असते. चार कामट्या कुंडीच्या बाहेर रोवा, झाडापेक्षा वीतभर उंच. वरून नऊवारी किंवा चादर अशी सोडा की ती चारी बाजूंनी जमिनीला टेकेल, आणि कडेवर विटा ठेवा. कापड पानांना लागता कामा नये, कारण जिथे लागतं तिथलं पान गारठतं. हे सगळं सूर्य मावळायच्या आत करायचं. अंधार पडल्यावर झाकलं तर निम्मी उष्णता आधीच गेलेली असते. सकाळी ऊन अंगावर आलं की पांघरूण काढायचंच, नाहीतर आत दमट होऊन बुरशी लागते.

हलवता येतील त्या कुंड्या दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीशी चिकटवून ठेवा. आमच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांचे दगड दुपारचं ऊन पितात आणि अर्धी रात्र ते परत देत राहतात. मोठ्या कुंड्या बाहेरच्या बाजूला, लहान आत. कुंडीत मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते, तेव्हा बाहेरून गोणपाट गुंडाळा. मातीवर दोन-तीन बोटं वाळलेलं गवत किंवा गव्हाचं भूस पसरा, पण ते दुपारी पाणी देऊन, ऊन लागून झाल्यावर.

पपई, केळ, तुळस, मिरची, टोमॅटो, वांगी, वाल, जास्वंद, मनीप्लांट, अडेनियम यांची काळजी आधी करा. पालक, मेथी, कोबी, मुळा, गाजर, पॅन्सी, कॅलेंड्युला यांना ही थंडी मानवते, त्यांच्यावर कापडं वाया घालवू नका. मटाराचा वेल तग धरतो, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा जातात.

घराच्या तयारीबद्दल जाणकारांनी लिहावं. घरी सासूबाई 82 वर्षांच्या आहेत, त्यामुळे मलाही हवंच आहे.


बडोद्याची_बाग

ताई, फार उपयोगी. आमच्याकडे बडोद्यात पारा दहाच्या आसपास आला तरी लोक मफलर काढतात, पाला कधी बघितला नाही. तरी जानेवारीत माझ्या अडेनियमची पानं पिवळी पडून गळतात. झाकू का?


दाणाओळी

नको. ते थंडीत झोपतं, पानं गाळणं त्याचा स्वभाव आहे. पाणी जवळजवळ बंद करा, खोड घट्ट असेल तर काही झालेलं नाही. तुमच्याकडे थंडीपेक्षा ओल्या मातीने जास्त अडेनियम मरतात.


डबरा_शेती

काकू, शेतावरून लिहितोय. आमच्याकडे मोहरी शेंगेत आहे आणि हरभरा फुलावर. नेमक्या याच वेळी पाला पडला की दाणा भरत नाही, शेंग पोचट राहते. बटाट्याची पानं तर एका रात्रीत काळी होतात. आम्हीही पाण्यावरच भिस्त ठेवतो. हलकं पाणी दिलं तर शेतातलं तापमान अर्ध्या ते दोन अंशांनी वर राहतं. ऐकायला थोडं वाटतं, पण शून्याच्या काठावर तेवढंच पुरतं. अडचण अशी की लाइट कधी येईल त्यावर पाणी अवलंबून. म्हणून अंदाज आल्या-आल्या एकेक तुकडा भिजवायला घेतो, सखल तुकडा आधी. थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साठते. शहरातही हे लक्षात घ्या. स्वर्णरेखेच्या काठच्या, नाल्याकडेच्या घरांनी टेकडीवरच्यांपेक्षा आधी झाकाझाकी करावी.

आजोबांच्या वेळेपासूनची आणखी एक रीत आहे. पहाटे दोघांनी लांब दोर दोन टोकांना धरून पिकावरून ओढत न्यायचा, म्हणजे पानांवरचं दव गोठायच्या आत झडून जातं. आणि शेताच्या वायव्य बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा.

गंधकाच्या फवारणीबद्दल विचारतील म्हणून आधीच सांगतो. शेतात सल्ला घेऊन, मापाने करतात. गंधकाचं पातळ केलेलं आम्लही फवारतात. ते घरच्या कुंड्यांसाठी मुळीच नाही. आम्ल हाताळताना डोळा जाऊ शकतो.


गोपाचल

धुराबद्दल थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलंय.

रात्री जमीन आकाशाकडे सतत उष्णता फेकत असते. ढग असले तर ते त्यातली बरीच परत पाठवतात, म्हणूनच ढगाळ रात्री पाला पडत नाही. धुराचे कण ही उष्णता अडवायला फार बारीक पडतात. धुराने जो काही फायदा दिसतो तो बहुतेक आगीच्या धगीचा आणि तिने हवा थोडी ढवळली जाते त्याचा. मोकळ्या शेतात एक वेळ ठीक, पण कॉलनीत कचरा पेटवू नये. पाल्याच्या रात्री वरची हवा उबदार आणि खालची थंड अशी उलटी रचना झालेली असते, त्यामुळे धूर वर जाऊन विरत नाही, खालीच पसरून राहतो. झाड वाचेल न वाचेल, शेजारच्या दमेकऱ्याची रात्र नक्की वाईट जाईल.

आणि दाणाओळी यांनी पानं भिजवू नका म्हटलंय ते का, तेही सांगतो. पाणी गोठताना दर ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. परदेशातल्या फळबागांत याच तत्त्वावर रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवतात आणि कळ्या वाचवतात. पण ते बर्फ वितळेपर्यंत एक क्षण न थांबता चालवावं लागतं. मध्येच थांबलं तर पानावरचं पाणी उडून जाताना पान आणखी गार होतं. झारीने एकदा शिंपडून झोपायला जाणं म्हणूनच नुकसानीचं.


डबरा_शेती

सर, पटलं. धूर आम्ही करतो तो जुन्या सवयीने, पाण्याइतका भरवसा त्याच्यावर आम्हीही ठेवत नाही. कॉलनीत नको हे अगदी बरोबर.


माळव्यातला (इंदूर)

प्लॅस्टिक चालेल का? माझ्या गच्चीवर चाळीसेक ग्रो बॅग आहेत, तेवढ्या चादरी कुठून आणू? इंदूर पठारावर आहे, उंची साडेपाचशे मीटरच्या वर. गावाबाहेरच्या शेतांत वाटाणा-हरभऱ्याला कधी कधी झटका बसतो.


दाणाओळी

चालेल, पण कापडाच्या पुढचा पर्याय म्हणून. पारदर्शक प्लॅस्टिकमधून उष्णता बरीच निसटते आणि आतून पाणी सुटून पानांवर थेंब पडतात. कामट्यांवर ताणून बसवा, पान शिवायला नको, आणि आग्नेयेची बाजू किंचित उघडी ठेवा. थंड वारं वायव्येकडून येतं आणि सकाळचं ऊन आग्नेयेकडून, दोन्ही साधतं. ऊन चढल्यावर प्लॅस्टिक विसरलात तर रोपं आत होरपळतील. त्यापेक्षा दादा, जुनी वर्तमानपत्रं आणि पुठ्ठ्याची खोकी वापरा. मिरची-टोमॅटोच्या लहान रोपावर खोकं पालथं घातलं, वर वीट ठेवली, झालं. आणि गच्चीला लागून छपराखालची बाल्कनी असेल तर नाजूक बॅगा तीन-चार रात्री तिथेच हलवा.


टोरंटोकर (मूळचा मुरारचा)

इथे आमच्याकडे हिमवादळाचा इशारा लागलाय आणि धागा वाचून आईची फार आठवण झाली. तिच्यासाठी म्हणून लिहितोय, पण तुमच्यापैकी अनेकांची मुलंबाळं कॅनडा-अमेरिकेत आहेत, हिवाळ्यात आईवडील तिकडे येतात. त्यांनाही उपयोग होईल.

गंमत अशी, की बागेच्या बाबतीत तुमचा कोरडा पाला आमच्या बर्फापेक्षा क्रूर. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळे त्याखालची जमीन वरच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार राहते. उणे 20 मध्ये बर्फाखाली कंद आणि मुळं सुखरूप असतात. ज्या हिवाळ्यात बर्फ न पडता कडाका पडतो त्या वर्षी आमचे गुलाब जातात. म्हणून वाफ्यावरचा बर्फ आम्ही उपसत नाही.

झुडपांचं मात्र वेगळं. ओला जड बर्फ साठून फांद्या फाटतात. वादळाआधी उभट सदाहरित झुडपांना सुतळीने सैल वेढे देऊन ठेवतो, आणि बर्फ थांबल्यावर झाडूने खालून वर असा हलकेच झाडतो. वरून खाली बडवलं तर फांदी मोडते. फांदीवर काचेसारखा बर्फ जमला असेल तर हातही लावायचा नाही, तो आपोआप वितळू द्यायचा. पायवाटेवर मीठ टाकतात ते वितळून वाफ्यात उतरतं आणि मुळं मारतं, तेव्हा झाडांच्या कडेला वाळू टाकावी.

घरात : बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करून नळ उघडा ठेवायचा, होजपाइप काढून ठेवायचा. पाणी गोठताना फुगतं आणि पाइप फोडतं. बाहेरच्या भिंतीतून गेलेल्या पाइपांचे नळ रात्री बारीक धारेने चालू ठेवतात. मुख्य तोटी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्या आजी-आजोबांनाही, दाखवून ठेवावं. वीज गेली की घर तापवणारी भट्टीही बंद पडते, म्हणून दोन-तीन दिवसांचं पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, औषधं, बॅटऱ्या आणि चार्ज केलेले फोन. भिंतीतून बाहेर निघणारी भट्टीची धुराडी बर्फाने बुजली तर विषारी वायू घरात फिरतो, ती मोकळी करत राहावं लागतं. जनरेटर गॅरेजमध्ये लावायचा नाही, दार उघडं ठेवूनही नाही. घरापासून निदान सहा मीटर दूर. बर्फात अडकलेल्या गाडीचं इंजिन सुरू करण्याआधी मागची नळी मोकळी आहे ना ते बघायचं.

1999 च्या जानेवारीत टोरंटोत एवढा बर्फ साचला होता की महापौरांनी मदतीला सैन्य बोलावलं. जुने शेजारी अजून ती गोष्ट सांगतात.


वैद्यकीय_मोरार

टोरंटोकरांनी ज्या वायूचा उल्लेख केला तोच आपल्याकडे दर हिवाळ्यात माणसं मारतो. कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतो आणि शरीर गुदमरत असतं. रात्री कोळशाची सिगडी खोलीत घेऊन, खिडक्या लावून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, ही बातमी उत्तर भारतात एकही हिवाळा चुकवत नाही. हात जोडून सांगतो, कोळसा, लाकूड, गोवरी, काहीही असो, झोपण्याच्या खोलीत नको. धूर दिसेनासा झाला, निखारे लाल झाले, आता सुरक्षित आहे, असं लोकांना वाटतं. तो वायू निखाऱ्यांतूनच येतो.

बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. शक्यतो बाथरूमच्या बाहेर बसवा. आतच असेल तर झरोका कापड कोंबून बंद करू नका, बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, विनाकारण झोप येणं, आणि हे घरातल्या दोघा-तिघांना एकदम होणं, ही खूण ओळखा. आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग 108 ला फोन.

दाणाओळी ताई, तुमच्या सासूबाईंसाठी : एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ थर, डोकं आणि पाय झाकलेले. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, तेव्हा गोळी चुकवायची नाही. पहाटेचं देवदर्शन आणि फिरणं ऊन पडेपर्यंत थांबवा. रात्री लघवीला उठताना अंथरुणातून एकदम बाहेर न पडता शाल घेऊन, क्षणभर बसून मग उठावं. पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवताना उकळतं पाणी नको, वर टॉवेल हवा. मधुमेहींच्या पायाला चटका कळत नाही, त्यांना पिशवी देऊच नका. म्हातारं माणूस थरथरायचं थांबलं, बोलणं जड झालं, सुस्तावलं, तर झोप आली असं समजू नका. शरीराचं तापमान 35 च्या खाली गेलं की असं होतं, लगेच दवाखाना. आणि ब्रँडीचा घोट देऊ नका. त्याने कातडीला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडते.


दाणाओळी

डॉक्टर, मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. काकड आरतीचं त्यांनी कबूल केलंय, आठवडाभर घरूनच.


गोपाचल

विजेबद्दल दोन ओळी. दोन हजार वॉटचा हीटर साधारण नऊ अँपिअर घेतो. तो सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. जुन्या वाड्यांत वायरिंगही जुनं असतं. हीटर, गिझर आणि इस्त्री एकाच वेळी नको. प्लग हाताला गरम लागला तर हीटर लगेच बंद. रजई, पडदे हीटरपासून हातभर लांब. पाण्यात टाकायचा रॉड बंद करून, प्लग काढूनच पाण्याला बोट लावायचं, आणि रॉड टाकलेली बादली लहान मुलांच्या वाटेत ठेवायची नाही.

दाराखालच्या फटीत कापडाची गुंडाळी घातली, जुन्या खिडक्यांच्या काचांवर रात्री जाड पडदा ओढला, पटियाच्या (दगडी लाद्यांच्या) फरशीवर सतरंजी घातली, की हीटर निम्मा वेळ लागतो. फक्त खोलीत कुठलीही ज्योत नसेल तरच फटी बुजवायच्या.


लष्करची_सून

मला एक विचारायचं होतं. सकाळी पानांवर पांढरं दिसलं तर पाण्याने धुवावं का? आमच्या माळ्याने सांगितलंय.


दाणाओळी

मी धुत नाही. गोठलेलं पान सावकाश पूर्वपदावर आलं तर वाचायची शक्यता जास्त. पूर्वेचं ऊन थेट पडत असेल तर तासभर आडोसा करते. पांढऱ्या झालेल्या गवतावर पाय ठेवू देऊ नका. पेशी काचेसारख्या मोडतात आणि दोन दिवसांनी पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. मुलांना आवर्जून सांगा.


लष्करची_सून

आणि जे काळं पडेल ते लगेच छाटायचं ना? गेल्या वेळचा कढीलिंब तसाच सुकलेला आहे, जास्वंदही.


डबरा_शेती

ताई, छाटू नका! काळी पानं वाईट दिसतात, पण पुढच्या पाल्यात तीच खालच्या डोळ्यांना (कोंब फुटायच्या जागांना) झाकतात. छाटलं की नवी कोवळी फूट येते आणि ती पहिल्या झटक्यात जाते. युरियाही देऊ नका, त्यानेही तेच होतं. होळीच्या सुमाराला नखाने साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी कोरडं निघालं तर हिरवं लागेपर्यंत खाली खाली येत तपासा आणि तिथे कापा. कढीलिंब वरून पूर्ण वाळला तरी मुळातून फुटतो. गेल्या वेळचा तसाच आहे म्हणता, तर जमिनीलगत खरवडून बघा आणि मार्च संपेपर्यंत उपटू नका.


लष्करची_सून

आत्ताच बघून आले. जमिनीपासून चार बोटांवर हिरवं आहे! गोणपाट घालून येते.